सूर्य दोन बोटं, आरसा एक

शाळेच्या पायरीच्या दगडावर अकरा रेघा आहेत. आठ नजरेला दिसतात, उरलेल्या तीन बोट फिरवलं की लागतात. परवा मी त्या मोजल्या. पायरीवर बसून, चष्मा काढून, दगडाजवळ तोंड नेऊन मोजल्या आणि मग कुणी पाहत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

शाळा ती राहिलेली नाही. कौलं गेली, मातीच्या भिंती गेल्या, शेणाने सारवलेली जमीन गेली. आता वर स्लॅब आहे, खाली फरशी आहे, भिंतींवर फुलपाखरं रंगवली आहेत. नवी शाळा बांधताना जुन्या जोत्याचा एक लांबट काळा दगड तेवढा पायरीला लागला आणि राहिला. त्याच्यावरच्या रेघा माझ्या आईने विळ्याच्या टोकाने ओढल्या होत्या. हे सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कुणी नाही. आई मार्गशीर्षात गेली. अण्णा, माझे वडील, तर कधीच गेले.

माझ्या पिशवीत तिचा आरसा होता, टॉवेलात गुंडाळलेला. तो घेऊन मी एसटीने इतक्या लांब का आले, ते स्वारगेटला गाडीत बसताना मलाही नीट ठाऊक नव्हतं. पिरंगुटपर्यंत गर्दी होती. उरवड्याचा फाटा गेला, तिथे आईचं माहेर. आता तिकडून कारखान्यांच्या गाड्या येतात. पौडला बरीच माणसं उतरली. पुढे धरणाचं पाणी डाव्या हाताला लागलं आणि गाडीत मी, कंडक्टर आणि ताम्हिणीला निघालेल्या दोन बायका एवढेच उरलो.

अण्णा या गावात मास्तर होते. पुण्यात शिकलेले, उंच, किरकोळ, बोलताना हातातल्या खडूकडे बघणारे. शाळा एका खोलीची. चौथी ते सातवी मिळून चाळीसेक मुलं, त्यांत मुली आम्ही पाच. शाळेच्या मागच्या दोन खणांत आमचं घर होतं. मधल्या भिंतीतून पाढे इकडे ऐकू यायचे आणि फोडणीचा वास तिकडे जायचा.

एका पौषात पौडहून बैलगाडीतून एक पत्र्याची पेटी आली. शिक्षणखात्याने निवडक शाळांना दिलेलं यंत्र. आत एक काळं नळकांडं, दोन भिंगं, एक दिवा आणि डब्यांत गुंडाळून ठेवलेल्या चित्रांच्या पट्ट्या. दिवा लावला की पट्टीतलं चित्र भिंतीवर मोठं होऊन पडणार. पेटीतून अण्णांनी शेवटी एक लांब वायर काढली. तिच्या टोकाला पितळेच्या दोन काड्या.

बबन वर्गातला सगळ्यात तोंडाळ. तो वायर घेऊन भिंतीन् भिंत चाचपत फिरला आणि म्हणाला, "गुरुजी, हिचं दात कुटं खुपसायचं?"

सगळा वर्ग हसला. अण्णाही हसले, पण थोडेच. गावात वीज नव्हती. धरणाचं पाणी घाट उतरून खाली जायचं, तिथे त्याची वीज व्हायची आणि ती मुंबईला जायची. पाणी आमच्या दारात होतं, उजेड मुंबईत होता. आमच्याकडे कंदील.

तीन दिवस अण्णा नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी यंत्रातला दिवा काढला, मागचं झाकण काढलं आणि दक्षिणेकडच्या खिडकीच्या फळीला वाटीएवढं भोक पाडलं. बाहेरून आरशाने ऊन त्या भोकातून आत सोडायचं. दिव्याचं काम सूर्य करील.

गावात तळहाताहून मोठा आरसा एकच होता, आईचा. माहेरून आलेला, सागवानी चौकटीचा, वीतभर रुंद, दीड वीत उंच. ती त्यात बघून कुंकू लावायची. तिने तो खुंटीवरून काढला, पदराने पुसला आणि अण्णांच्या हातात दिला. त्या दिवसापासून ती कुंकू अंदाजाने लावू लागली. कधी थोडं डावीकडे जायचं.

वर्गात अंधार करायची आमची रीत वेगळी होती. भाताची लावणी संपली की इरली पुढच्या पावसाळ्यापर्यंत माळ्यावर पडून असतात. मुलांनी घराघरांतून ती आणली. बांबूच्या कामट्यांची, पानांनी शाकारलेली, पाठीवर घ्यायची ती इरली आम्ही खिडक्यांना आणि दाराला आतून लावली. वर घोंगड्या टाकल्या. खोलीत चुलीच्या धुराचा, जुन्या पावसाचा आणि मेंढराच्या लोकरीचा वास दाटला. अजून कुठे घोंगडीचा वास आला की मला गणिताचा तास आठवतो. समोरच्या भिंतीवर पडदा म्हणून अण्णांचं धोतर, नीळ घालून धुतलेलं. त्याच्यावर आम्ही वर्तुळं पाहिली, त्रिकोणाचे कोन पाहिले, बेडकाचं हृदय आणि वाफेचं इंजिन पाहिलं.

पण ऊन जागेवर राहत नाही. चित्र पडलं न पडलं की ते धोतरावरून डावीकडे सरकायचं आणि काठावरून खाली सांडल्यासारखं नाहीसं व्हायचं. आरसा सूर्याबरोबर फिरवत राहायला बाहेर कुणीतरी हवं होतं. बबनने लगेच हात वर केला.

"नाही," अण्णा म्हणाले. "जो बाहेर बसेल त्याचा पाठ बुडेल. एकाही मुलाचा पाठ बुडता कामा नये."

मग ते मागच्या दाराशी गेले आणि आईला म्हणाले, "अगं, तुझा स्वयंपाक झालेला असतो ना दहापर्यंत?"

असं ते ठरलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तिने शेतातली चिकणमाती आणून जोत्याच्या दगडावर तिचा गोळा थापला, गणपतीच्या पाटावर थापतात तसा, आणि त्यात आरसा उभा रोवला. ओल्या मातीत आरसा हवा तसा वळतो आणि वळवला तिथे थांबतो. माती वाळू लागली की ती तांब्यातलं पाणी शिंपडायची. आत अंधारात आम्ही चाळीस जण, बाहेर उन्हात ती एकटी. आम्ही "आहा!" म्हणून ओरडलो की तिला ऐकू जायचं. आम्ही हसलो की तेही ऐकू जायचं. कशाला हसलो ते मात्र जायचं नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना ती मला विचारायची, "आज काय दावलं गं?"

"हृदय."

"कसं आस्तंय?"

"पुस्तकात आहे, आई."

"पुस्तकात हाय, व्हय," ती म्हणायची आणि भाकरी उलटायची. तिला वाचता येत नव्हतं. मला तेव्हा दहावं वर्ष होतं आणि गृहपाठाची घाई होती.

पहिले पंधरा दिवस चित्र फार पळालं. अण्णांनी तिला बजावलं होतं, सूर्य जेवढा सरकेल तेवढा आरसा फिरव. ती तसंच करायची आणि चित्र धोतरावरून उडी मारून पलीकडे जायचं. "हळू! जास्त झालं!" अण्णा आतून ओरडायचे. "तुमीच सांगितलं तेवढंच फिरीवलंय!" ती बाहेरून ओरडायची. मुलांना या भांडणाची मोठी मजा वाटायची.

मग एका दुपारी अण्णा जेवायला बसले असता ती म्हणाली, "अवं, तुमचं गणित चुकतंय."

अण्णांनी वर पाहिलं.

"सूर्य दोन बोटं चालला का आरसा एकच बोट फिरवायचा. निम्मं. मी चार दिस बगतीया."

तिने आरशाच्या बुडाशी हातभर लांब खराट्याची काडी खोचली होती. एक हात लांब धरून, डोळे बारीक करून ती सूर्य किती बोटं चालला ते मोजायची आणि काडीचं टोक दगडावर किती सरकलं ते बोटानेच मापायची. रेघा त्यासाठी होत्या. एकेका बोटावर एक.

अण्णा घास हातात धरून बसले. मग उठून त्यांनी कागद घेतला, दोन रेषा काढल्या, तिसरी काढली. ताटातला भात निवला. बऱ्याच वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "खरंच की. निम्मंच."

"मंग जेवा आता," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : आरसा जेवढ्या कोनातून फिरतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण फिरतो. खाली आकृती काढली. "हे आपल्याला प्रयोगाने दिसून आलं," असं सांगितलं. आम्ही ते वहीत उतरवलं. कुणाला दिसून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्या तासाला यंत्र लावायचं नव्हतं. भिंतीपलीकडे आई तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता.

यंत्राचे दिवस थोडे असायचे. ज्येष्ठात आभाळ उतरलं की इकडे भादव्यापर्यंत सूर्य असा दिसायचाच नाही. कौलांवरच्या आवाजात अण्णांचं बोलणं बुडून जायचं, मग ते बोलायचे नाहीत, फक्त फळ्यावर लिहायचे. यंत्र घोंगडीत गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर असायचं आणि दर रविवारी अण्णा भिंगावरची बुरशी पुसायचे. आरसा परत खुंटीवर जायचा, पण त्यावर धुरकट वाफ धरलेली असायची आणि त्यात आई पुसट दिसायची. मग डोंगरावर सोनकी फुलून पिवळी व्हायची, भाताला वास सुटायचा आणि एका सकाळी जोत्यावर लख्ख ऊन पडायचं. आमच्या शाळेत विज्ञान दसऱ्यानंतर सुरू व्हायचं.

अशाच एका कार्तिकात ग्रहांची पट्टी आली. ती एकाच आठवड्यासाठी होती, शनिवारी पुढच्या शाळेकडे जायची होती. सोमवारी रात्री जेवताना मी सांगितलं की गुरुवारी शनी दाखवणार, त्याच्याभोवती कडं असतं.

आईचा हात थांबला. "कुणाचं म्हणालीस?"

"शनीचं."

आई दर शनिवारी उपास करायची आणि मारुतीच्या देवळाबाहेरच्या शनीच्या दगडावर तेल घालायची. माझ्या पाठचा भाऊ अकरा महिन्यांचा होऊन गेला तेव्हापासून. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. तेलाची ती छोटी पितळी वाटी मात्र कधी उष्ट्या भांड्यांत गेली नाही.

"मला बघायचाय," ती अण्णांना म्हणाली.

"अगं, तो देव नाही. ग्रह आहे. वायूचा गोळा."

"आसू द्या. इतकी वर्सं त्येला तेल घातलं. त्येचं तोंड तरी एकदा बघू द्या."

कंदिलाची वात अण्णांनी उगीच खालीवर केली. मग माझ्याकडे वळले. "गुरुवारी आरसा तू धरशील? तो पाठ मी तुला घरी शिकवीन."

मी फुशारून हो म्हटलं. तो नियम मला तोंडपाठ होता. चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण होते.

गुरुवारी आईने सकाळीच न्हाऊन घेतलं. माती भिजवून गोळा थापला, आरसा रोवला, काडी खोचली आणि मला म्हणाली, "घाई करू नगं. त्यो पळत न्हाई. आपल्यालाच वाटतंय पळतोय." मग हातपाय धुऊन, पदर डोक्यावर घेऊन ती आत गेली. मुलांनी तिला जागा करून दिली. "मास्तरीणबाई आल्या, मास्तरीणबाई," अशी कुजबुज मला बाहेर ऐकू आली. तिच्या मागे दार लागलं. दाराला इरलं लावल्याचा आवाज झाला.

बाहेर मी एकटी राहिले. तोवर मला कधी कळलं नव्हतं की तिथे इतकं शांत असतं. शेतात कापणी चालली होती, माणसं लांब होती. दगड तापला होता. मी आरसा वळवला, ऊन भोकात शिरलं आणि आतून एक मोठा "ओऽऽ" आला.

तेवढ्यात सूर्य सरकला. मी आरसा फिरवला. किती फिरवला ते मला ठाऊक नाही. नियम डोक्यात होता, हातात नव्हता.

"गेला! गेला!" आतून आवाज आले.

मी घाबरून उलटा फिरवला.

"अरे, कौलावर चढला!" हा बबन. "शनी पळाला रं! आता त्येलाच साडेसाती लागली!"

हशा उसळला. "थांब! जरा डावीकडे! नाही, नाही, तुझ्या डावीकडे!" अण्णांचा आवाज. मी पाणी शिंपडायला विसरले होते. माती कोरडी पडली होती. जोर लावला तसा आरसा गोळ्यासकट कलला आणि दगडावर टेकला. चौकटीच्या कोपऱ्यातला एक टवका उडाला.

दार उघडलं. आई बाहेर आली, उन्हाने डोळे बारीक करत. मी रडू लागले होते. तिने पदराने माझं नाक पुसलं.

"दिसला गं," ती म्हणाली. "दिसला मला. झालं. जा तू आत."

तिने मातीवर तांब्या ओतला, आरसा उभा केला. मी आत जाऊन बसले तेव्हा धोतरावर शनी स्थिर उभा होता. करडा, गोल, आणि भोवती ते कडं, तिरकं, जसं कुणी डोकीवर घागरीखालची चुंबळ कलती ठेवावी. तो इतका वेळ एका जागी राहिला की अण्णांनी त्याचे सगळे उपग्रह सांगून संपवले. कुणी हसलं नाही. बबनसुद्धा नाही.

शनिवारी पट्टी गेली. त्याच दिवशी आईने नेहमीप्रमाणे तेल घातलं.

दोनच वर्षांनी यंत्रही गेलं. रस्त्याकडेच्या एका मोठ्या गावात वीज आली होती. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, म्हणाले की यंत्र आता तिथे नीट चालेल. अण्णांनी दिवा परत जागेवर बसवला, वायर गुंडाळून पेटीत ठेवली. खिडकीतलं भोक मात्र त्यांनी बुजवलं नाही. दुपारी त्यातून एक कवडसा यायचा आणि कुणीही न फिरवता वर्गभर हिंडायचा.

पुढे मी पुण्यात एका शाळेत विज्ञान शिकवलं. तो नियम दर वर्षी फळ्यावर लिहिला, दर वर्षी आकृती काढली. "हे प्रयोगाने दिसून येतं," असं म्हणाले. मीही नाव सांगितलं नाही. कधी जीभ वळलीच नाही, की कधी सुचलंच नाही, आता आठवत नाही.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. आम्ही दोघीच. ती फार बोलायची नाही. दुपारी गॅलरीत ऊन आलं की ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची. गेल्या कार्तिकात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मला वाटलं, झोपली आहे. मी वाचत होते.

"त्या कड्याचा रंग कसा हुता गं?" ती म्हणाली.

मला आधी कळेना. "कुठल्या?"

"शनीच्या."

मी पुस्तक मिटलं. "पण आई, तू तर पाहिला होतास. दिसला म्हणालीस."

ती थोडी हसली. दात नसलेलं ते हसू. "अंधाराला डोळं सरावस्तवर त्यो गेला. मंग कौलं दिसली. आन् त्यावर एक लख्ख कवडसा पळत हुता. हितं जायचा, तितं जायचा. म्या म्हनलं, पोर घाबरली."

साठाहून अधिक वर्षं ती ते बोलली नव्हती. मी मोबाइल शोधू लागले, त्यात हवी तेवढी चित्रं निघाली असती. तिने हात हलवला. "नगं. आता डोळ्यांला न्हाई दिसत. तू सांग."

मी सांगू लागले. करडा, म्हणाले. चित्र काळं-पांढरं होतं, रंग नव्हता. कडं तिरकं. चुंबळ असते ना, तसं. ती ऐकत होती. पुस्तकात आहे, असं मी या वेळी म्हटलं नाही. जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं, मग जे आठवत नव्हतं तेही सांगितलं. ती कधी झोपली ते कळलं नाही.

परवा पायरीवर बसले होते तेव्हा आत वर्ग चालू होता. भिंतीवर मोठा पडदा आहे, बोट लावलं की चित्र बदलतं. उघड्या खिडकीतून बाईंचा आवाज येत होता आणि मुलांचा गलका. पडद्यावर काय होतं ते मला बाहेरून दिसत नव्हतं.

मी टॉवेल सोडला. माती नव्हती, म्हणून आरसा दोन्ही हातांत धरून दगडावर टेकवला. कोपऱ्यातला टवका तसाच होता. ऊन धरलं आणि पलीकडच्या कुंपणाच्या पांढऱ्या भिंतीवर सोडलं. आरशाएवढा कवडसा पडला.

एक मुलगी तोंड धुवायला नळावर आली होती. ती थांबली. "आजी, काय करतायसा?"

"काही नाही गं. इथे माझी आई बसायची."

तिने कवडशाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "मंग त्या रेघा कुणाच्या?"

"तिच्याच."

आतून तिला हाक आली, ती पळाली. मी एक हात लांब केला, डोळे बारीक केले आणि मोजलं. बराच वेळ बसले. गुडघे दुखू लागले. दगड तसाच तापला, तसंच शांत होतं.

सूर्य दोन बोटं चालला. मी आरसा एक बोट फिरवला. कवडसा जागचा हलला नाही.